बंद करून चालू करण्यापूर्वी

घरचे इंटरनेट बंद पडले असता प्रथम काय करावे, या साध्या प्रश्नावरही दोन सुबुद्ध माणसांची मते सर्वस्वी भिन्न असू शकतात. आणि ती दोघे आपापल्या व्यवसायातून आलेल्या अनुभवाच्या आधाराने बोलत असतील, तर त्या मतभेदातून ऐकणाराला बरेच शिकावयास मिळते. पुढील संवादातील मामा हे टेलिफोन खात्यात एक्स्चेंजच्या टेस्ट डेस्कावर उभी हयात घालवून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. भाची सनदी लेखापाल असून पुण्यास राहते, आणि दिवसा कचेरीत व सायंकाळनंतर घरून असे तिचे काम चालते. सायंकाळी घरी आल्यावर तिच्या लॅपटॉपचे इंटरनेट वारंवार बंद पडते. वाय-फायची खूण पूर्ण भरलेली दिसते, परंतु एकही पान उघडत नाही. आणि सर्व काही बंद करून पुन्हा चालू केले की कधी लगेच, तर कधी दोन-तीन खेपांनी, सारे सुरळीत होते. एवढा उपाय पुरेसा मानावा की नाही, येथून त्यांच्या वादाला आरंभ होतो.

भाची : मामा, तुमचा तपासाचा आग्रह मला मान्य नाही. रात्री आठ वाजता बैठक ठरलेली असताना नेट गेले, तर मला त्या क्षणी कारण नको असते, नेट हवे असते. बंद करून चालू करणे हा अडाण्यांचा उपाय आहे असे समजण्याची एक रीत आहे. परंतु त्याच्या मागे पुरेसे शास्त्र आहे. राउटर हा स्वतः एक लहानसा संगणकच असल्यामुळे, घरातील कोणत्या यंत्राचे बाहेरच्या कोणत्या ठिकाणाशी बोलणे चालू आहे याची नोंद तो आपल्या स्मृतीत सतत ठेवीत असतो. आठवडेच्या आठवडे अखंड चालल्यावर त्या नोंदी साचतात, त्याच्या आज्ञावलीतील एखाद्या चुकीमुळे स्मृतीचा काही भाग अडकून पडतो, आणि मग यंत्र चालू असूनही काम होत नाही. वीज तोडून अर्धे मिनिट थांबले की ती सारी स्मृती रिकामी होते, राउटर कंपनीकडे नव्याने हजेरी लावतो, आणि पुष्कळदा शेजारपाजारच्या लहरी पाहून वाय-फायसाठी वेगळे चॅनेलही निवडतो. एका कृतीने इतक्या कारणांचे निवारण होत असेल, तर त्यांतले नेमके कोणते होते याची चौकशी करण्यात वेळ का दवडावा?

मामा : उपाय म्हणून माझा त्याला विरोध नाही, विरोध आहे तो क्रमाला. स्मृती रिकामी होते हा तू गुण म्हणून सांगितलास. परंतु दोषाचा पुरावाही त्याच स्मृतीत असतो. कोणते दिवे लागले होते, लॅपटॉपला कोणता पत्ता मिळाला होता, किती वाजता आणि किती यंत्रांचे नेट गेले, यांतले काहीएक न पाहता वीज तोडली, की पंचनामा होण्याची शक्यताच संपली. शिवाय कित्येक दोष असे असतात की ज्यांच्यावर हा उपाय कधीच लागू पडत नाही. फायबरची तार मोडली असेल, तर राउटर कितीही वेळा बंद करून चालू केला तरी तीतून प्रकाश येणार नाही. राउटरपासून संगणकापर्यंत जाणाऱ्या केबलमध्ये आठ तारांच्या चार जोड्या असतात. सेकंदाला एक हजार मेगाबिटचा वेग मिळण्यास चारही जोड्या लागतात, शंभराला दोनच पुरतात. म्हणून उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली की नेट बंद पडत नाही, पण वेग शंभराच्या खाली येऊन तेथेच अडून राहतो, आणि लोक कंपनीला दोष देत बसतात. जुन्या संगणकातील नाण्याएवढी बॅटरी संपली, की त्याचे घड्याळ मागच्या कोणत्या तरी वर्षात जाते, सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे त्याला अवैध दिसू लागतात, आणि घरातील माणसे म्हणतात की इंटरनेट बिघडले. या तिन्ही दोषांचे ठिकाण वेगळे, स्वरूप वेगळे; आणि तिन्हींवर एकच मात्रा द्यावयाची, हे माझ्या बुद्धीला पटत नाही.

भाची : पण तुमची बुद्धी टेस्ट डेस्कावर घडलेली आहे. खात्याने तुम्हांला प्रशिक्षण दिले, पगार दिला, हाती साधने दिली. मी इंटरनेटसाठी कंपनीला दरमहा पैसे मोजते. दोष शोधणे हे तिचे कर्तव्य आहे. ते काम ग्राहकाच्या गळ्यात घालावयाचे आणि त्याला ग्राहकाची सुजाणता म्हणावयाचे, यात मला अन्याय दिसतो.

मामा : अन्याय होतो हे मी नाकारीत नाही, पण त्याचे निवारण अज्ञानाने होणार नाही. टेस्ट डेस्काचा उल्लेख तूच केलास, तर तेथली रीत सांगतो. १९८ या क्रमांकावर तक्रार आली की अमुक टेलिफोन डेड आहे, तर आम्ही लाइनमनला लगेच सायकलवर पिटाळीत नसू. एक्स्चेंजमध्ये एमडीएफ या नावाची एक मोठी चौकट असते. तिच्या एका अंगास एक्स्चेंजची यंत्रे आणि दुसऱ्या अंगास शहरात जाणाऱ्या तारा जोडलेल्या असतात. त्या चौकटीवर ग्राहकाची जोडी सोडविली, की एका कृतीत सगळ्या मार्गाचे दोन भाग होत : आतल्या बाजूस डायल टोन असेल तर दोष बाहेर, नसेल तर दोष आमच्याच घरात. बाहेर असला तर मग कॅबिनेट, मग डीपीचा म्हणजे वितरण-पेटीचा खांब, मग ग्राहकाच्या भिंतीवरील रोझेट, अशी हद्दीमागून हद्द तपासली जाई. जमिनीखालच्या केबलमधील एखादी तार ओल लागून जमिनीशी भिडली असेल, तर व्हीटस्टन ब्रिजच्या तत्त्वावर चालणाऱ्या मरे लूप चाचणीने, रस्त्यावर एक कुदळ न मारता, दोष किती अंतरावर आहे ते काढता येई. या सर्व पद्धतीचे सार एकच आहे : प्रश्न असा विचारावा की उत्तर काहीही आले तरी निम्मे क्षेत्र संशयातून मुक्त व्हावे.

भाची : तत्त्व सुंदर आहे, पण माझ्या दिवाणखान्यात एमडीएफ नाही.

मामा : आहे, आणि तीही एक सोडून दोन. पहिली हद्द म्हणजे कंपनीची फायबर जिथे संपते ती पेटी, जिला ओएनटी म्हणतात. पुष्कळ घरी ती आणि राउटर एकाच पेटीत असतात. तिच्यावर ‘पॉन’ असे लिहिलेला हिरवा दिवा स्थिर असेल, तर कंपनीच्या यंत्राशी तिची ओळख पटलेली आहे. आणि ‘लॉस’ असे लिहिलेला दिवा तांबडा होऊन लुकलुकत असेल, तर तिच्यापर्यंत पुरेसा प्रकाशच पोहोचत नाही. कपाट सरकविताना फायबर दुमडली गेली एवढेही कारण त्याला पुरते. कारण काचेची ती बारीक तार अरुंद कोनात वळली की प्रकाश बाहेर निसटतो. दुसरी हद्द राउटरची. लॅपटॉपवरून राउटरला पिंग करून हाक द्यावी. उत्तर आले तर लॅपटॉपपासून राउटरपर्यंतचा मार्ग निर्दोष. मग बाहेरच्या एखाद्या ठिकाणास केवळ अंकांनी हाक द्यावी, गूगलचा ८.८.८.८ हा २००९ सालापासून सर्वांना खुला असलेला पत्ता त्या कामी उपयोगी पडतो. तेथून उत्तर आले आणि तरीही नावाने काही उघडले नाही, तर दोष नावाचे अंकांत रूपांतर करणाऱ्या व्यवस्थेचा, म्हणजे डीएनएसचा. पिंग हे साधन माइक म्यूस या अमेरिकी संशोधकाने १९८३ सालच्या डिसेंबरात लिहिले, आणि डीएनएसची रचना पॉल मोकापेट्रिस यांनी त्याच वर्षी मांडली. चाळीस वर्षे उलटून गेली तरी तपासाच्या या पायऱ्या बदललेल्या नाहीत, यावरूनच त्यांची मजबुती कळून यावी.

भाची : आणि या पायऱ्या चढून मी कंपनीला सांगितले, तर तिकडून उत्तर येणार की राउटर बंद करून चालू करा.

मामा : नुसते ‘नेट नाही’ एवढे सांगितलेस तर तसेच येईल, कारण एवढ्या माहितीवर कोणालाही दुसरे उत्तर सुचणार नाही. परंतु सात वाजून दहा मिनिटांनी तांबडा दिवा लागला, किंवा केबलने जोडलेल्या संगणकावरून राउटर उत्तर देतो पण बाहेरचा पत्ता देत नाही, अशी कैफियत दिलीस, तर दोष कोणाच्या हद्दीत आहे याचा निवाडा तक्रारीतच होऊन जातो. नेट मधूनमधून जात असेल, तर दोन खिडक्या उघडून एकीतून राउटरला आणि दुसरीतून बाहेरच्या पत्त्याला सतत पिंग चालू ठेवावे. दोन्ही एकदम थांबली तर दोष घरात, केवळ दुसरी थांबली तर दोष राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे. अशा तक्रारीचा डॉकेट क्रमांक जपून ठेवला, तर दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ सालच्या विनियमांनुसार तक्रार केंद्राच्या वर अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. आणि अपिलाला पुरावा लागतो.

भाची : हा मुद्दा मला मान्य आहे. आता तुमच्याच पायऱ्यांनी माझा लॅपटॉप तपासू. आत्ता त्याचे नेट गेलेलेच आहे. वाय-फायची खूण पूर्ण आहे.

मामा : ती खूण लॅपटॉप आणि वाय-फायची पेटी यांच्यामधील लहरींपुरती साक्ष देते, त्यापलीकडचे तिला ठाऊक नसते. तीही क्षीण असती, तर मी प्रथम आरसीसीच्या भिंती, मायक्रोवेव्हची भट्टी आणि २.४ गिगाहर्ट्झवर शेजाऱ्यांची चाललेली दाटी यांचा विचार केला असता. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी एक, सहा आणि अकरा अशी तीनच चॅनेल असल्याकारणाने सोसायट्यांमध्ये ती लवकर भरून जातात. पण तुझी खूण पूर्ण आहे, तेव्हा तो विषय येथेच सोडू. राउटरला हाक दे.

भाची : उत्तर आले. आता ८.८.८.८... तिकडून काहीच नाही.

मामा : मग दोष राउटरच्या पलीकडे, कंपनीच्या हद्दीत आहे. तक्रार नोंदवून टाक.

भाची : थांबा, मामा. दादाचा टेबलावरचा संगणक याच क्षणी व्यवस्थित चालू आहे. कंपनीची लाइन बंद असती तर तोही बंद असता. तुमच्या पायऱ्या एका यंत्राची जबानी घेतात. माझ्या व्यवसायात आम्ही एका वहीवर विश्वास ठेवीत नाही, दोन वह्या शेजारी ठेवून ताळा पाहतो. दादाच्या संगणकाचा पत्ता आहे १९२.१६८.१.१४, आणि त्याने गेटवे म्हणून धरलेल्या राउटरचा १९२.१६८.१.१. माझ्या लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.०.१०३, आणि त्याचा गेटवे १९२.१६८.०.१. तिसरा आकडाच जुळत नाही! एकाच घरातील दोन यंत्रे दोन वेगळ्या राउटरांची नावे सांगत आहेत. आणि आमची तपासणीतली आणखी एक सवय अशी, की ताळा चुकला म्हणजे मागच्या वेळी जुळला होता त्यानंतर काय बदलले ते आधी विचारावे. बदलले ते एवढेच, की मागच्या खोलीत रेंज येत नाही म्हणून दादाने गेल्या महिन्यात आमचा जुना राउटर तेथे बसविला आणि नव्या राउटरपासून एक केबल नेऊन त्याच्या लॅन पोर्टात जोडली.

मामा : सगळा उलगडा झाला! हाकेला उत्तर आले खरे, पण ते दिले भलत्याच राउटरने. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ यांनी आरंभ होणारे पत्ते १९९६ साली घरे आणि कचेऱ्या यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवले गेले. म्हणून जगातील कोट्यवधी घरांत तेच अंक सुखाने नांदतात. घरात नवे यंत्र आले, की ते सर्वांना उद्देशून पुकारा करते : मला पत्ता कोण देईल? त्याला उत्तर देण्याचे काम डीएचसीपी नावाची व्यवस्था करते, जी १९९३ साली नियमबद्ध झाली. आणि प्रत्येक राउटर कारखान्यातून बाहेर पडतो तोच मुळी हे काम अंगावर घेऊन. एकाच धर्मशाळेत दोन कारभारी बसले, दोघांच्या हाती किल्ल्यांचे वेगळे जुडगे असले, आणि पाहुणा ज्याला आधी भेटेल त्याच्याकडून खोली घेऊ लागला, तर जी अवस्था होईल तीच या घराची झाली आहे. तुझा लॅपटॉप सायंकाळी कचेरीतून परत येतो आणि नव्याने पुकारा करतो. नव्या राउटरचे उत्तर आधी आले तर सारे ठीक, जुन्याचे आधी आले तर तो जुन्यालाच बाहेरचा दरवाजा समजतो, आणि त्याच्या बाहेर जाण्याच्या पोर्टाला तर काहीच जोडलेले नाही. दादाचा संगणक घरातून हलत नाही. मुदतीचा निम्मा काळ उलटला की तो ज्याच्याकडून पत्ता मिळाला त्यालाच विचारून मुदत वाढवून घेतो, म्हणून तो सुरक्षित राहिला.

भाची : म्हणजे मी सर्व काही बंद करून चालू करीत होते तेव्हा प्रत्येक वेळी नवी सोडत निघत होती, आणि कधी ती माझ्या बाजूने पडत होती.

मामा : तंतोतंत. उपाय लागू पडत होता, पण ज्या कारणाने पडतो असे तू समजत होतीस त्या कारणाने नव्हे. आता जुन्या राउटरची डीएचसीपी बंद करावी, त्याला स्वतःला नव्याच्या कुळातला परंतु इतर कोणास न दिला जाणारा एक पत्ता द्यावा, केबल आहे तशी लॅन पोर्टातच राहू द्यावी. म्हणजे तो केवळ लहरी पुरविण्याचे काम करील, कारभार एकाच्या हाती राहील. लॅपटॉपला १६९.२५४ ने आरंभ होणारा पत्ता मिळालेला दिसला असता, तर मात्र निदान निराळे झाले असते : त्याचा अर्थ असा की पुकाऱ्याला कोणीच उत्तर दिले नाही आणि यंत्राने स्वतःच एक तात्पुरता पत्ता धारण केला.

भाची : पण मामा, हा तपास लागला तो तुमच्या पायऱ्यांनी नव्हे, ताळ्याने लागला.

मामा : पायऱ्यांनी पत्ते समोर आणले आणि ताळ्याने ते वाचले, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल. तरी तुझे म्हणणे मी स्वीकारतो. आमची टेलिफोनची लाइन म्हणजे दोन टोकांमधला एक मार्ग. त्याचे निम्मे-निम्मे भाग करीत गेले की दोष हाती लागे. घरच्या जाळ्यात मात्र दहा-पंधरा यंत्रे एकाच वेळी बोलत असतात, आणि दोष कित्येकदा कोणत्याही एका तारेत नसून दोन निर्दोष यंत्रांच्या परस्परसंबंधात असतो. तेथे चालणारे यंत्र आणि न चालणारे यंत्र शेजारी ठेवून तुलना करणे, आणि अलीकडे काय बदलले ते विचारणे, हे माझ्या रीतीला आवश्यक असे पूरक आहे.

भाची : मग मीही माझ्या मताची मर्यादा सांगते. एकदाच घडलेल्या बिघाडाची चौकशी करणे मला अजूनही व्यर्थ वाटते. बंद करावे, चालू करावे, कामाला लागावे. पण तोच बिघाड दुसऱ्यांदा आला, की तो मूळ कारणाची सूचना घेऊन आला असे मानावे, आणि वीज तोडण्यापूर्वी दिवे, वेळ, पत्ता आणि कोणती यंत्रे चालू व कोणती बंद, एवढे टिपून घ्यावे. तिसऱ्यांदा आला तर मग संपूर्ण तपास.

मामा : पहिल्या वेळीही दिव्यांवर एक दृष्टी टाकावी, एवढीच माझी दुरुस्ती. आणि एक ताकीद : बंद करून चालू करणे वेगळे, आणि राउटरच्या मागच्या बारीक छिद्रात टाचणी खुपसून रीसेट करणे वेगळे. दुसऱ्या कृतीने वाय-फायचे नाव, पासवर्ड आणि पुष्कळ ठिकाणी कंपनीने भरून दिलेले खाते, सारे पुसले जाते. घरात ही माहिती लिहून ठेवलेली नसेल, तर साध्या बिघाडाचे दोन दिवसांच्या खोळंब्यात रूपांतर होते.

भाची : ती लिहून ठेवण्याची तजवीज मी करते. घरातील कोणती पेटी कोणते काम करते, तिचा पत्ता कोणता, सुस्थितीत असताना कोणते दिवे कोणत्या रंगाचे असतात, शेवटचा बदल कोणी व केव्हा केला, आणि तक्रारींचे डॉकेट क्रमांक, असे सर्व एका वहीत, मराठीत, मोठ्या अक्षरांत. आई दुपारी घरी एकटी असते. बँकेचे काम, डॉक्टरांची वेळ, नातवंडांशी बोलणे, सारे तिला याच जाळ्यातून करावे लागते, आणि ते बंद पडले की आमच्यापैकी कोणी घरी येईपर्यंत ती हात बांधून बसते. दोषाचा तपास ही घरातील एकाच माणसाची मिरास होऊ नये, असे मला वाटते.

मामा : या एका वाक्याने तू माझ्यापुढे गेलीस. मी ज्ञान मिळविण्याचा आग्रह धरीत होतो. तू ते वाटण्याची व्यवस्था सांगितलीस. दुरुस्ती कंपनीचा माणूस करील, दादा करील, कदाचित राउटर स्वतःच करील. पण दोष आपल्या हद्दीत आहे की दुसऱ्याच्या, एवढे ज्याला शांतपणे सांगता येते, त्याला कोणी टोलवू शकत नाही. ते तुझ्या आईला सांगता आले, म्हणजे आपला आजचा वाद कारणी लागला.